चेन पडली तर थांबायचं का?

१९ जुलै २०१० ला पिरेनीजमधल्या पोर्त द बालेसच्या चढावर अँडी श्लेकची चेन पडली. अंगात पिवळी जर्सी, म्हणजे तूर द फ्रान्समध्ये तोवर पहिला. आल्बेर्तो कोंतादोर त्याच्या ३१ सेकंद मागे. श्लेक उतरून चेनशी झटापट करत राहिला आणि कोंतादोर शेजारून निघून गेला. घाट उतरून लुशोंला पोचेपर्यंत त्याने ३९ सेकंद कमावले आणि पिवळी जर्सी घेतली. व्यासपीठावर लोकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याच रात्री त्याने व्हिडिओवरून माफी मागितली. सहा दिवसांनी पॅरिसमध्ये तो तूर जिंकला, तोही बरोब्बर ३९ सेकंदांनी. (२०१२ मध्ये उत्तेजकाच्या प्रकरणात ते जेतेपद त्याच्याकडून काढून श्लेकला दिलं गेलं.)

मी बेल्जियममध्ये, घेंटजवळ राहतो. इथे ही गोष्ट अजून शिळी झालेली नाही. लग्नाच्या जेवणात, दाताच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत, कुठेही विषय काढा, लगेच दोन तट पडतात. आमच्या शेजारचे आजोबा आयुष्यभर ट्राम चालवून निवृत्त झाले. त्यांच्या लेखी कोंतादोर चोर. त्यांचा मुलगा म्हणतो, चोर कसला, श्लेकने स्वतःच हल्ला चढवला होता, भलत्या जोरात गिअर बदलला आणि चेन घालवली. आपण धाव घेताना बूट निसटला तर फिल्डरने चेंडू हातात धरून उभं राहायचं का? (हे शेवटचं माझं. तिथे कुणाला कळलं नाही.)

पुण्याच्या मित्रांना हे सांगितलं तर त्यांना वादाचं कारणच उमगेना. "रेस आहे ना? मग चेन ज्याची त्याने सांभाळावी." याच मंडळींनी सप्टेंबर २०२२ मध्ये लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने चार्ली डीनला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावचीत केलं तेव्हा रात्र जागवली होती. नियमात आहे, संपलं. त्याआधी २०१९ मध्ये जयपूरला अश्विनने बटलरला असंच घालवलं, तेव्हाही हेच. मग २०२३ च्या जुलैत लॉर्ड्सवरच बेअरस्टो क्रीझ सोडून फिरायला निघाला आणि कॅरीने यष्ट्या उडवल्या, तेव्हा इंग्रजांची आदळआपट बघून आमच्या ग्रुपवर दिवाळी साजरी झाली. त्याच नोव्हेंबरात दिल्लीला शाकिबने अँजेलो मॅथ्यूजला 'टाइम्ड आउट' (वेळेत खेळायला तयार नाही म्हणून बाद) मागितलं, तिथे मात्र नियमवाल्यांचेच दोन गट झाले, कारण समोर गोरा कुणी नव्हता.

आपल्याकडच्या खिलाडूपणाच्या वादात मला हेच खुपतं. वाद कृतीवर सुरू होतो आणि पाचव्या मिनिटाला 'तुम्ही कोण आम्हाला शिकवणार' वर येतो. त्याला कारणही आहे. विनू मांकडांनी १९४७ मध्ये सिडनीला बिल ब्राउनला असंच नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला बाद केलं ते नियमाला धरून, आणि ब्रॅडमननेही त्यांची बाजू घेतली. तरी पुढची सत्तर वर्षं त्यांचं नाव लबाडीचं विशेषण म्हणून वापरलं गेलं. गावसकरांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला तो योग्यच. पण जुनी जखम आहे म्हणून प्रत्येक नव्या प्रसंगात तिचाच हिशेब मांडला की समोरच्या घटनेकडे बघायचं राहून जातं.

सायकलवाले इथे निदान घटनेकडे बघतात. चेन पडली, पंक्चर झालं, स्वतःच्या चुकीने पडला, मोटारसायकलने पाडलं, प्रेक्षकाने पाडलं: प्रत्येकाची किंमत वेगळी. २०१२ मध्ये म्युर द पेगेरच्या माथ्यावर कुणीतरी रस्त्यात चुका (बारीक खिळे) टाकून ठेवल्या आणि तीसेक जणांची चाकं बसली. ब्रॅडली विगिन्सने पिवळ्या जर्सीत अख्खा घोळका हळू केला. पिएर रोलाँ पुढे पळाला, त्याला सगळ्यांनी शिव्या घातल्या, आणि नंतर मला माहीतच नव्हतं म्हणून तो सांगत राहिला. इथे कुणाचं दुमत नाही. चुका टाकणं हा शर्यतीचा भाग नव्हे.

एकदिवसीय शर्यतीत मात्र कुणीच कुणासाठी थांबत नाही. ९ एप्रिल २०२३ ला, ईस्टरच्या रविवारी, पारी-रुबे बघायला मी कारफूर द लार्ब्रच्या दगडी पट्ट्याशी उभा होतो. बटाटे-बिटाच्या शेतांमधून जाणारी ती वाट. मधला भाग उंच, दोन्ही कडांना धूळ. दगड एकाशेजारी एक असे बसवलेले की दोहोंच्या फटीत बोट जाईल. संघांची माणसं खांद्याला सुटी चाकं अडकवून अंतराअंतराने उभी असतात, गाडी मागून वेळेत पोचणार नाही हे धरून. आधी हेलिकॉप्टर ऐकू येतं, मग मोटारसायकली, मग धुळीतून माणसं, आणि दगडांवरून सायकली जातात तेव्हा लोखंडी कपाट जिन्यावरून ओढल्यासारखा आवाज. त्या पट्ट्यावर आधी डेगेनकोल्ब पडला. मग मात्यू फान डर पूल आणि वाउट फान आर्ट दोघे सुटले, आणि पट्टा संपता संपता फान आर्टचं मागचं चाक बसलं. लहानपणापासूनचे प्रतिस्पर्धी, एक डच, एक बेल्जियन, वीसेक किलोमीटरांच्या आत शेवट. फान डर पूलने मागे वळून बघितलं की नाही ठाऊक नाही. थांबला मात्र नाही, आणि जिंकला. फान आर्ट तिसरा.

आजूबाजूला सगळे फ्लेमिश, बहुतेकांच्या टोप्यांवर फान आर्टचं नाव. मी वाट बघत होतो की आता फान डर पूलचा उद्धार होणार. कुणी चकार शब्द काढला नाही. शिव्या पडल्या त्या दगडांना, टायरला, टायरमधल्या हवेला. तो का थांबला नाही असं मी शेजारच्या बाईंना विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे पावसाळ्यात पाऊस का पडतो असं विचारल्यासारखं पाहिलं.

युरोपीय सभ्यता वगैरे म्हणायला मी तयार नाही. दोनच वर्षांनी, २०२५ च्या पारी-रुबेत, याच फान डर पूलच्या तोंडावर एका प्रेक्षकाने भरलेली बाटली भिरकावली. खरं कारण हिशेबाचं आहे. दुसऱ्याच्या मागे, त्याच्या आडोशाला सायकल चालवली की वारा कमी लागतो आणि बरीच ताकद वाचते. त्यामुळे शत्रूही एकमेकांच्या आधाराने चालतात. तूर तीन आठवडे चालते. आज ज्याच्या पंक्चरवर तुम्ही पळालात, तो आणि त्याचे सात सोबती परवा वाऱ्यात तुम्हाला पुढे काम करायला सोडून देणार. एकदिवसीय शर्यतीला हा परवा नसतो. थांबणं हा बऱ्याचदा उतरवलेला विमा असतो, आणि त्याचे हप्ते त्याच घोळक्यात भरले जातात.

अलीकडचा लाडका प्रसंग तूरमधलाच, २१ जुलै २०२२ चा. स्पांदेलच्या उतारावर योनास विंगेगोर स्वतः पडता पडता वाचला. पुढच्याच वळणांवर त्याला मागे टाकू बघणारा ताडेय पोगाचार खडीत घसरून पडला. विंगेगोरने वेग कमी केला, पोगाचार आला, दोघांनी चालत्या सायकलींवर हात मिळवले. तो फोटो इथे सायकलच्या दुकानांत लावलेला दिसतो. सुंदरच आहे. पण त्या सकाळी विंगेगोर दोन मिनिटांहून जास्त पुढे होता, पुढे ओताकामचा चढ होता, त्याचे सोबती अजून पोचायचे होते, आणि त्याच चढावर त्याने पोगाचारला मिनिटभराने मागे टाकलं. औदार्य खोटं होतं असं नाही. त्याला ते परवडत होतं. श्लेक-कोंतादोरमध्ये सेकंदांचा खेळ होता, तिथे ते महाग पडलं असतं.

मग थांबायचं कुणासाठी, हे ठरवतो कोण? इथे मला आपल्याकडच्या चिडक्या मित्रांचं म्हणणं पटायला लागतं.

त्याच २०१० च्या तूरमध्ये, श्लेकची चेन पडण्याच्या दोन आठवडे आधी, स्पाच्या टप्प्यात पावसात स्टॉकूच्या उतारावर निम्मा घोळका घसरला. अँडी आणि फ्रँक हे दोघे श्लेक बंधू बरेच मागे राहिले. पिवळी जर्सी फाबियान कान्चेलाराकडे होती. त्याने सगळ्यांना थांबवलं आणि शेवटची धावाधाव रद्द करायला लावली. आधीच पुढे गेलेला सिल्व्हाँ शावानेल जिंकला आणि जर्सीही घेऊन गेला, म्हणजे कान्चेलाराने स्वतःचं नुकसान करून घेतलं हे खरं. पण श्लेक बंधू त्याच्याच संघाचे होते. दुसऱ्याच दिवशी दगडी रस्त्यांवर पडापड झाली, फ्रँक श्लेकचं गळपट्टीचं हाड मोडलं, कोंतादोर अडकला. तेव्हा हाच कान्चेलारा अँडीला मागे घेऊन सुसाट सुटला. थांबा म्हणायला त्या दिवशी कुणी नव्हतं. त्यामुळे पोर्त द बालेसला कोंतादोर गेला ते मला चूक वाटत नाही. आजोबांशी माझं यावर पटत नाही, आणि पटेलसं दिसतही नाही.

त्याहून वाईट उदाहरण २००४ चं. फिलिप्पो सिमेओनी या इटालियन खेळाडूने मिकेले फेरारी या डॉक्टरविरुद्ध उत्तेजकांच्या प्रकरणात न्यायालयात साक्ष दिली होती. फेरारी लान्स आर्मस्ट्राँगचा डॉक्टर. शेवटच्या आठवड्यात सिमेओनी पुढे पळालेल्या काही निरुपद्रवी लोकांना जाऊन मिळाला, तर पिवळ्या जर्सीतला आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या मागे लागला आणि त्याला परत आणूनच शांत झाला. परतताना त्याने ओठांवरून झिप ओढल्याची, म्हणजे तोंड बंद ठेव अशी, खूण केली. घोळक्यातल्या कित्येकांनी सिमेओनीलाच बोल लावले: अलिखित नियम मोडला त्याने, घरातलं बाहेर बोलला. हाच आर्मस्ट्राँग २००१ मध्ये प्रतिस्पर्धी उलरिख रस्त्याबाहेर गेला तेव्हा थांबला होता, आणि त्याबद्दल त्याची वाहवा झाली होती. अलिखित कायद्याचं पुस्तक एकाच माणसाच्या खिशात होतं.

बाहेरच्या देशात राहणाऱ्याला अशा नियमांचा वास लवकर येतो. ऑफिसात वाढदिवस असेल त्यानेच केक आणायचा, बैठकीत कुणाच्या आधी बोलायचं नाही, हे कुठे लिहिलेलं नसतं. चुकलात की भुवया उंचावतात आणि मग कळतं. लिहिलेला नियम वाचता येतो, त्यावर भांडता येतं, व्हिसाच्या कचेरीत सुद्धा. अलिखित नियम आधीपासून तिथे असलेल्यांच्या सोयीचा असतो. 'स्पिरिट ऑफ क्रिकेट' लॉर्ड्समधून येतं आणि लॉर्ड्सवरच दीप्तीला ऐकवलं जातं, तेव्हा होणारी चिडचिड मला इथे राहून जास्त समजते.

म्हणून जे लिहून काढता येईल ते काढावं, या मताचा मी आहे. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने नॉन-स्ट्रायकरचं धावचीत 'अनुचित खेळा'च्या कलमातून उचलून साध्या धावचीतच्या कलमात टाकलं, १ ऑक्टोबर २०२२ पासून. दीप्तीच्या त्या सामन्यानंतर अवघ्या आठवड्याभरात! सायकलमध्येही सपाट टप्प्यावर शेवटच्या तीन किलोमीटरांत पडलात तर घोळक्याचीच वेळ मिळते. हल्ली काही टप्प्यांना ही हद्द वाढवतात. २०१६ मध्ये मों व्हांतूवर गर्दीमुळे मोटारसायकल थांबली, तिच्यावर फ्रूम आदळला आणि सायकलविना चढावर चक्क पळत सुटला. पंचांनी नंतर त्याची वेळ दुरुस्त करून दिली.

लिहिलेले नियमही वेंधळे असतात, हे कबूल. १९१३ मध्ये यूजेन क्रिस्टॉफचा पुढचा फोर्क तूरमालेच्या उतारावर मोडला. तो सायकल खांद्यावर घेऊन गावापर्यंत चालत गेला, लोहाराच्या भट्टीत स्वतः जोडला, आणि एका पोराने भाता ओढला म्हणून दंड खाऊन बसला. २०१९ च्या ओमलूप या बेल्जियन शर्यतीत निकोल हान्सेलमान एकटी इतकी जोरात सुटली की आधी निघालेल्या पुरुषांच्या ताफ्याला जाऊन भिडायला आली. तिला थांबवलं. पुन्हा सोडलं तोवर तिचा जोर ओसरला होता. तिचं नशीब खोटं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, वेळापत्रक नशिबाने आखलं होतं का?

आणि काही गोष्टी खरोखरच नशिबाच्या असतात, त्या तशाच सोडाव्यात. २०२४ च्या महिलांच्या तूरमध्ये डेमी व्होलरिंग पिवळ्या जर्सीत पडली, शेवट जवळ आलेला, पण सवलतीच्या हद्दीच्या अलीकडे. जर्सी गेली. आल्प द्युएझवर तिने जिवाचं रान करून शेवटचा टप्पा जिंकला, आणि काशिया नेवियादोमा एकूण चार सेकंदांनी जिंकली. तूरच्या इतिहासात इतका कमी फरक कधीच नव्हता. इथला वाद नेवियादोमाबद्दल झालाच नाही. व्होलरिंग पडली त्याच दिवशी तिच्याच संघातली ब्लांका व्हाश टप्पा जिंकली. सोबतिणी का थांबल्या नाहीत, यावर लोक आठवडाभर तावातावाने बोलले. मला हा प्रश्न योग्य जागी लागलेला वाटला. प्रतिस्पर्ध्याकडे औदार्य मागण्याआधी ज्यांना पगार मिळतो त्यांना विचारा.

आजोबांना मी एकदा विश्वनाथची गोष्ट सांगितली. फेब्रुवारी १९८०, वानखेडे, सुवर्णमहोत्सवी कसोटी. इंग्लंडचे पाच गडी स्वस्तात गेलेले. पंचांनी बॉब टेलरला झेलबाद दिलं, आणि स्लिपमध्ये उभ्या असलेल्या कर्णधार विश्वनाथने पंचांना सांगून त्याला परत बोलावलं, कारण चेंडू बॅटला लागलेला नव्हता. टेलर आणि बोथमने १७१ धावा जोडल्या. भारत दहा गड्यांनी हरला. आपल्याकडे हे सांगताना आवाज आपोआप हळवा होतो, तसा माझाही झाला. त्यात विमा नव्हता, परवडण्याचा प्रश्नच नव्हता.

आजोबांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "पुढे त्याला कर्णधार ठेवलं?"

नाही म्हटलं. ती त्याची कर्णधार म्हणून दुसरी आणि शेवटची कसोटी. पण त्याचं कारण हे नव्हतं, नेहमीचा कर्णधार गावसकर होता, विश्वनाथ त्या दोन सामन्यांपुरताच होता.

"हं," आजोबा म्हणाले, आणि त्यांना ते कारण अजिबात पटलेलं नव्हतं.