घानाचं राज्य अरबांनी उभं केलं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पश्चिम आफ्रिकेतल्या घाना आणि मालीच्या जुन्या राज्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: ही राज्यं अरब व्यापाऱ्यांच्या जिवावर उभी राहिली, त्याआधी तिथे नुसती विखुरलेली खेडी होती, मी देतो ते पुरावेही अरबांचेच, आणि गुलामांच्या व्यापाराला मी सोयीस्कर बगल दिली.

पहिला आक्षेप मला अजिबात मान्य नाही. आजच्या माली देशात, नायजर नदी जिथे अनेक फाटे फुटून पसरते त्या सखल मुलखात, जेने-जेनो नावाचं पांढरीचं (जुन्या वस्तीच्या अवशेषांचं) टेकाड आहे. सुसान आणि रॉडरिक मॅकिंटॉश या दांपत्याने १९७७ मध्ये तिथे उत्खनन सुरू केलं. सगळ्यात खालचा थर निघाला इसवी सनापूर्वी २५० च्या आसपासचा. इ.स. ८०० पर्यंत ही वस्ती ३३ हेक्टरांवर पसरली होती आणि तिच्याभोवती सुमारे दोन किलोमीटरचा तट होता.

आता यातली मेख बघा. हा सगळा मुलूख पुराच्या गाळाचा. तिथे लोहखनिज नाही, धड दगडही नाही. तरीही अगदी खालच्या थरांपासून लोखंड सापडतं, धान्य दळायचे दगड सापडतात. पुढे तांबंही येतं, आणि ते तर वाळवंटाच्या बाजूने, बरंच लांबून. फुकट कोण देणार? बदल्यात द्यायला या लोकांकडे भात होता (आफ्रिकेतच लागवडीला आलेला, आशियातून गेलेला नव्हे) आणि नदीची मासळी होती. अरब फौजा उत्तर आफ्रिकेत उतरल्या सातव्या शतकात. म्हणजे त्याआधी जवळजवळ नऊशे वर्षं इथे देवाणघेवाण चालू होती. उंटांमुळे आणि अरब-बर्बर तांड्यांमुळे उलाढाल कितीतरी पटींनी वाढली, हे मी लेखातही लिहिलं आहे. पण वाढली, सुरू झाली नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जेने-जेनोत राजवाडा सापडलेला नाही. भोवती डझनावारी छोटी टेकाडं आहेत, त्यातल्या काहींवर लोहार, काहींवर कोळी अशी कामाकामाप्रमाणे वस्ती असावी असं दिसतं. एवढं मोठं शहर, पण त्यावर सत्ता गाजवणारा कुणी ठसठशीत दिसत नाही. तेव्हा बाजार आधी आणि राजा नंतर, असा क्रम इथे तरी लागतो.

मग राजाने केलं काय? नाका बसवला. अरबी भूगोलकार अल-बक्री १०६८ मध्ये घानाच्या राजाचे जकातीचे दर देतो (आजच्या घाना देशाशी या राज्याची हद्द कुठेच जुळत नाही, ते मॉरिटानिया-मालीच्या सीमेवरचं). मिठाचं एक गाढवओझं राज्यात आलं की एक सोन्याचा दीनार, तेच बाहेर गेलं की दोन. तांब्याच्या ओझ्याला पाच मिस्काल (सोनं तोलायचं वजन), इतर मालाला दहा. सोन्याच्या खाणी दक्षिणेला, बांबुकच्या बाजूला. मिठाच्या उत्तरेला, वाळवंटात. दोन्हींच्या मध्ये बसून दोन्हीकडून जकात घेणं, ही या राज्याची खरी कमाई. शिवाय नियम असा की सोन्याचा गोळा सापडला तर तो राजाचा, लोकांनी घ्यायची ती फक्त भुकटी. कारण अल-बक्रीच सांगतो: सगळंच सोनं बाजारात आलं तर त्याला किंमत राहणार नाही. हे डोकं दरबारातलं आहे. तांडेवाल्यांना तर सोनं स्वस्त झालेलंच हवं होतं!

तुम्ही म्हणता, राजाच्या गावाशेजारी मुसलमान व्यापाऱ्यांचं वेगळं गाव होतं, तिथे बारा मशिदी होत्या, राजाचा खजिनदार आणि बरेचसे मंत्रीही मुसलमान होते, म्हणजे सत्ता त्यांचीच. जरा आपल्या चौलकडे या. अरब प्रवासी अल-मसूदी ९१६ मध्ये तिथे आला (तो त्याला सैमूर म्हणतो), तेव्हा त्याच्या सांगण्याप्रमाणे दहा हजार मुसलमान तिथे राहत होते आणि त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच मुख्य नेमलेला होता. राज्य मात्र शिलाहारांच्या झंझ राजाचं, आणि त्याच्यावर राष्ट्रकूट. शिलाहारांचं राज्य अरबांनी उभं केलं असं आपण म्हणतो का? मग घानाला वेगळा काटा कशाला?

पुराव्यांबद्दल. अल-बक्री स्पेनमधल्या कॉर्दोब्यात बसून लिहीत होता, घानात त्याने पाऊल टाकलं नव्हतं, हे बरोबर. व्यापाऱ्यांकडून आणि आधीच्या ग्रंथांतून त्याने माहिती जमवली. पण म्हणूनच त्याचं लिखाण कुठे झुकतं ते ओळखता येतं: सांगणारे व्यापारी, तेव्हा व्यापाऱ्यांचं गाव तपशिलाने येतं आणि त्यांच्या येण्याआधीची शतकं येतच नाहीत. ती जमिनीखालूनच काढावी लागतात. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता मात्र १३५२ मध्ये स्वतः मालीला, म्हणजे घानानंतर पुढे आलेल्या राज्यात, गेला. वाळवंटातल्या तगाझाच्या मिठाच्या खाणीवर त्याने मिठाच्या लाद्यांची घरं पाहिली, वर उंटाच्या कातड्याची छपरं. तिथलं उंटभर मीठ वाळवंटाच्या दक्षिण कडेवरच्या वलाताला आठ-दहा मिस्कालांना, मालीच्या राजधानीत वीस-तीसांना, कधी चाळीसांनाही विकलं जाई, असं तो लिहितो. त्या मुलखात चोराचं भय नाही, याचंही त्याला कौतुक वाटलं. भाव चौपट होईपर्यंत माल सुखरूप पोचत होता, तो या बंदोबस्तामुळे, आणि बंदोबस्त मालीच्या सुलतानाचा होता.

राहिले गुलाम. तो विषय मी पुढच्या लेखासाठी ठेवला होता, पण विचारलंत तर इथेच लिहितो. तगाझाचं मीठ खणणारे गुलामच होते. तकद्दाच्या (आजच्या नायजर देशातल्या) तांब्याच्या खाणीतही गुलाम राबत, आणि त्या तांब्याच्या कांड्याच तिथे चलन होत्या: बारीक कांड्यांनी मांस आणि सरपण घ्यायचं, जाड कांड्यांनी बाजरी, लोणी, गहू आणि दासदासी. १३५३ मध्ये इब्न बतूता परत निघाला त्या तांड्यात सहाशे दासी होत्या.

पण हा मुद्दा तुमच्या पहिल्या आक्षेपाला बळ देत नाही, उलट तो कापतो. स्वाऱ्या करून माणसं धरणारे, त्यांना बाजारात आणणारे आणि त्या व्यवहारावर गब्बर होणारे यांत तिथले सत्ताधीशही होते. अरबांच्या हातातली बाहुली ते सोन्याच्या बाबतीत नव्हते, तसे इथेही नव्हते. पुढच्या लेखात याच अंगाने लिहिणार आहे. तेव्हाही असंच भांडायला या.