‘आठवड्याला अर्धा किलो’ या सल्ल्यावरील आक्षेप : एका वाचक भगिनींना उत्तर

सप्रेम नमस्कार ताई,

वजन कमी करण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि स्पष्ट शब्दांत टीका केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप मला असे समजले : आठवड्याला अर्धा किलो हा सल्ला माणसाचा उत्साह घालवणारा आहे, आपल्या यजमानांनी दिवसातून दोनदाच जेवून, कोणताही व्यायाम न करता, दोन महिन्यांत ८६ किलोंवरून ७७ किलोंपर्यंत वजन आणले, आपले आजोबा तूप-भाकरी खाऊन शेवटपर्यंत काटक राहिले, तेव्हा तेलातुपाचा हिशेब मांडणे व्यर्थ आहे, आणि नोकरी करणाऱ्या स्त्रीला व्यायामाचा उपदेश करणे सोपे असते, तो आचरणे नव्हे.

प्रथम यजमानांविषयी. आठवड्याला सुमारे एक किलो हा वेग ८६ किलो वजनाच्या माणसासाठी भयंकर नाही आणि त्यांच्या निर्धाराचे मला कौतुकच वाटते. दोनदा जेवण्याची ही पद्धत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली आहे आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ती महाराष्ट्रात घरोघरी पोहोचवली. मधले चहा-बिस्कीट, फरसाण, कचेरीतला वाढदिवसाचा केक हे सगळे एका नियमाने बंद होते आणि दिवसभराचे एकूण खाणे आपोआप घटते, हे तिच्या यशाचे मुख्य कारण मला दिसते. पण त्याच पद्धतीत ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणेही सांगितलेले आहे. यजमानांनी पद्धतीचा जिभेशी संबंधित भाग पाळला आणि पायांशी संबंधित भाग सोडला, आणि माझी काळजी नेमकी तिथे आहे.

कमी झालेले नऊ किलो म्हणजे नऊ किलो चरबी नव्हे. पहिल्या एकदोन आठवड्यांत शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर वापरून टाकते. त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते, तेही निघून जाते आणि काटा झपाट्याने खाली येतो. पुढे चरबी घटू लागते, पण व्यायामाची जोड नसेल तर एकूण घटीपैकी साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसून स्नायू आणि तत्सम ऊतींचा असतो. पुन्हा पूर्वीसारखे खाणे सुरू झाले की परत येते ती बहुतांशी चरबी. दोनतीन वेळा असे घडले, तर काट्यावरचा आकडा पूर्वीचाच राहून आतले शरीर मात्र अधिक दुबळे झालेले असते.

आपल्या लोकांच्या बाबतीत हे अधिकच गंभीर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच मापे छायाचित्रासह प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक, २२.३ असा तंतोतंत सारखा होता; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्या एका चित्राने दाखवले. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ निर्देशांकावर धरतात आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटीमीटर, स्त्रियांत ८० सेंटीमीटर यांच्या आत असावा असे सांगतात. यजमानांचे वजन ७७ झाले हे आपण कळवलेत; त्यांची कंबर किती सेंटीमीटरने उतरली, आणि हातांचा आधार न घेता ते पाटावरून उठू शकतात का, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आजोबांच्या तूप-भाकरीबद्दल माझ्याही मनात आदर आहे. परंतु नांगर, मोट, डोक्यावरचे ओझे आणि बाजारापर्यंतची पायपीट या सगळ्यासह ती भाकरी पचत होती. आज आपण त्यांचे ताट घेतले आणि दिवस मात्र खुर्चीवरचा ठेवला. तेलाचा हिशेब मी मांडला तो भीती घालण्यासाठी नव्हे. घरातली इतर कोणतीही गोष्ट न बदलता जिथे काटछाट करता येते अशी ती जागा आहे. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर प्रत्येकाच्या पोटात रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल, म्हणजे ३४० कॅलरी जातात. तोच डबा दीड महिना पुरवला, तर माणशी रोज ११५ च्या आसपास कॅलरी कमी होतात आणि कोणाला उपाशी राहावे लागत नाही. फोडणीसाठी पळीऐवजी चमचा वापरणे आणि तळण सणावारापुरते ठेवणे एवढ्याने हे साधते. दाण्याच्या कुटाकडेही असेच पाहावे लागेल : शेंगदाणा पौष्टिक आहेच, पण त्याच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग तेलाचा असतो, त्यामुळे कोशिंबीर, भाजी आणि चटणी या तिन्हींत सढळ हाताने कूट पडले की ‘साधे जेवण’ साधे राहत नाही.

याउलट जे वाढवायला हवे, ते आपल्या ताटात फार थोडे असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. यजमानांच्या वजनाला ती सुमारे ६४ ग्रॅम होतात, आणि वजन उतरवत असताना याहून थोडी अधिक असलेली बरी. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, रात्री वरण-भात अशा दिवसात एवढी प्रथिने जमणे कठीण आहे, कारण वाटीभर घट्ट वरणातून सहासात ग्रॅमच मिळतात. जेवणे दोनच असतील, तर प्रत्येक ताटात मोड आलेल्या मटकी-मुगाची उसळ किंवा घट्ट आमटी, दही, आणि चालत असल्यास अंडी किंवा मासळी यांना भाताच्या आधी जागा द्यावी लागेल. मधुमेह असो वा नसो, दोन मूद भाताच्या जागी एक मूद आणि दीड वाटी उसळ हा बदल मी कोणालाही निःशंकपणे सुचवेन.

आता व्यायामाचा आक्षेप, आणि तो मी हलका मानत नाही. नऊ तासांची कचेरी, प्रवास, आणि घरी आल्यावर चौघांचा स्वयंपाक हा दिवस ज्यांचा आहे, त्यांनी पहाटे पाचला उठून पळावे असे मी म्हटलेले नाही. त्याआधी घरातल्या इतरांनी पोळ्या लाटायला शिकावे, असे माझे ठाम मत आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. २०२० च्या मार्गदर्शनात हालचाल सलग दहा मिनिटे तरी झाली पाहिजे ही जुनी अट तिने काढून टाकली, तेव्हा तुकड्यातुकड्यांनी केलेले चालणेही मोजले जाते. जेवणानंतर दहापंधरा मिनिटे पावले टाकली की रक्तातील साखरेची उसळी कमी होते. स्नायूंसाठी जिम लागत नाही. भिंतीला हात टेकून केलेले जोर, खुर्चीचा आधार घेऊन मारलेल्या बैठका किंवा जमतील तेवढे सूर्यनमस्कार आठवड्यातून दोनतीनदा केले तरी सुरुवात होते. नुसत्या चालण्याने वजन भराभर उतरेल, अशी आशा मात्र मी कोणाला दाखवणार नाही : ७० किलोंच्या माणसाने पाऊण तास भरभर चालून साधारण २०० कॅलरी खर्च होतात, आणि एका वडापावात त्याहून अधिक असतात. घटीचे मोठे काम ताट करते. स्नायू टिकवण्याचे आणि उतरलेले वजन पुन्हा चढू न देण्याचे काम व्यायाम करतो.

आपल्या प्रतिक्रियेच्या शेवटी एक वाक्य जाता जाता आले आहे, ते वाचून मी हे उत्तर लांबणीवर टाकले नाही. यजमान साखरेच्या गोळ्या घेतात आणि त्या त्यांनी ‘पूर्वीसारख्याच’ चालू ठेवल्या आहेत, असे आपण लिहिले आहे. ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या जेवण झाले नाही तरी इन्सुलिन स्रवायला लावतात, त्यामुळे कमी खाण्याच्या काळात रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. हातांना कंप, घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणे आहेत. तसे काही जाणवल्यास लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यावे आणि दोनदाच जेवण्याचा नियम त्या क्षणी बाजूला ठेवावा. गोळ्या मनाने बंद करू नयेत आणि मनाने चालूही ठेवू नयेत. नऊ किलो वजन उतरल्यावर मात्रा बदलावी लागण्याची बरीच शक्यता असते. या आठवड्यातच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जावे आणि गोळ्यांची पाकिटे, उपाशीपोटीच्या व जेवणानंतरच्या साखरेच्या नोंदी आणि जेवणाच्या नव्या वेळा सोबत न्याव्यात.