अली पाच वर्षं तुरुंगात नव्हता

‘व्हिएतनाम युद्धाला नकार दिला म्हणून मुहम्मद अलीने पाच वर्षं तुरुंगवास भोगला,’ असा मजकूर सध्या फिरतोय. या अमेरिकन मुष्टियोद्ध्याबद्दलचं हे अर्धंच खरं आहे. जून 1967 मध्ये ह्यूस्टनच्या न्यायालयाने पाच वर्षं कैद आणि 10,000 डॉलर दंड ठोठावला, हे बरोबर. पण अपील चालू असेपर्यंत तो जामिनावर बाहेरच होता आणि 28 जून 1971 ला सर्वोच्च न्यायालयाने 8-0 अशा मतांनी शिक्षाच रद्द केली. खरी शिक्षा वेगळीच होती: जगज्जेतेपदाचा किताब काढून घेतला, लढतींचे परवाने रोखले. पंचविशीतला हा गडी ऑक्टोबर 1970 मध्ये अटलांटात जेरी क्वारीसमोर उतरेपर्यंत साडेतीन वर्षं रिंगणाबाहेर. थोडे दिवस कोठडी घडली ती 1968 मध्ये मायामीत, आणि तीही वाहन परवान्याच्या भानगडीत!