टाचा हलवून मधुमेहाची गोळी सुटत नाही

‘व्यायामाचा कंटाळा येतो? घरबसल्या पाच फुकट उपाय’ असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. असले मेसेज रोज येतात, मी सोडूनही देते. पण हा माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने साखरेची गोळी बंद केली.

त्यातले दावे असे: बसल्या जागी टाचा वर-खाली करा, आठवड्यात साखर नॉर्मल, गोळ्या बंद. वीस मिनिटं टाळ्या वाजवा, हृदयातले ब्लॉकेज उघडतात. पोटाला प्लास्टिक गुंडाळून घाम काढा, चरबी वितळते. बायकांना वेगळा व्यायाम नको, घरकाम पुरे. आणि साठीनंतर जिने, उठबस टाळा, गुडघ्यांचं वंगण संपतं.

टाचांचं आधी बघू. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते जास्त घातक आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टन विद्यापीठात मार्क हॅमिल्टन आणि सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये ‘आयसायन्स’ या नियतकालिकात आला. पोटरीत आतल्या बाजूला सोलिअस नावाचा स्नायू असतो. खुर्चीत बसून, चवडा जमिनीवर ठेवून टाच ठरावीक पद्धतीने उचलत राहिलं, तर हा स्नायू न थकता बराच वेळ काम करतो. ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर रक्तातली साखर जेवढी उसळते, ती उसळी या हालचालीमुळे सुमारे ५२ टक्क्यांनी कमी झाली. आकडा खरा आहे. मेसेजवाल्याने गाळलं ते पुढचं. भाग घेणारी माणसं मोजकी होती, स्नायू नीट आकसतोय का हे यंत्र लावून बघितलं जात होतं, आणि टाच उचलणं दिवसाला तब्बल २७० मिनिटं, म्हणजे साडेचार तास चालत होतं. मोजली ती ग्लुकोज प्यायल्यानंतरच्या काही तासांतली साखर. गोळ्या सोडून कुणाचा मधुमेह बरा झाला, असं त्या अभ्यासात कुठेही नाही.

मावशी काय करत होती? मालिकेत जाहिरात लागली की प्लास्टिकच्या खुर्चीत रेलून, पाय लांब सोडून टाचा हलवायची. तशा बसण्यात पोटरीवर ताण येतच नाही. फ्रिजवरच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं तशीच पडलेली. विचारलं तर म्हणाली, “अगं, विद्यापीठाने शोध लावलाय.” उपाशीपोटीची साखर तपासली, ती चांगलीच चढली होती. चढलेली साखर बरेच दिवस दुखत नाही की खुपत नाही, पण तेवढ्यात डोळ्यांच्या पडद्याला आणि मूत्रपिंडांना इजा होत राहते. गोळी कमी करायची की थांबवायची हे डॉक्टर रिपोर्ट बघून ठरवतात. ‘गोळ्या बंद’ हे दोन शब्द लिहिणाऱ्याने कुणाच्या तरी आईच्या डोळ्यांशी खेळ केलाय, आणि मला ते माफ करता येत नाही.

टाळ्यांचं काय बोलावं! रक्तवाहिनीच्या भिंतीत साठलेला थर तळहात आपटून हलत नाही. हौसेने वाजवा, पण चार पायऱ्या चढून छातीत दडपण येत असेल, तर टाळ्या वाजवत घरी थांबणं जिवावर बेतेल. प्लास्टिकने जातं ते पाणी, चरबी नव्हे.

घरकामाचा मुद्दा मात्र अर्धा मान्य करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत घरकाम हालचालीत धरलंय. खाली बसून फरशी पुसताना, हाताने चादरी धुताना दम लागतोच. पण त्याच सूचना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगतात, म्हणजे करताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. शिवाय निदान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारं काही, आणि ६५ नंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. ओट्याशी तासभर उभं राहून पोळ्या लाटल्याने पाय भरून येतात, यातलं काही होत नाही. आणि ‘घरकाम हाच तुझा व्यायाम’ हे बाईला कोण ऐकवतं? बहुतेक वेळा तिला स्वतःसाठी अर्धा तास मोकळा न देणारेच.

गुडघ्यांचं तर नेमकं उलट आहे. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि त्यासाठी तिच्यावर दाब पडणं आणि सुटणं लागतं. उठबस बंद केली की मांडीचे स्नायू रोडावतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. गुडघा सुजला असेल, अडकत असेल तर आधी दाखवून घ्या. नुसता कुरकुरत असेल तर त्याला हलतं ठेवा.

व्यायाम नावडणं मी समजू शकते. २०२० च्या त्या सूचनांनी अशा लोकांसाठी एक फार चांगली गोष्ट केली: हालचाल सलग निदान दहा मिनिटं हवी, ही जुनी अट काढून टाकली. दोन-दोन मिनिटंही धरली जातात. न हलणारी लाकडी खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीवर ठेवून उठायचं, सावकाश बसायचं, धपकन नाही. सुरुवातीला हातांचा आधार घेतला तरी चालेल. भिंतीला तळहात टेकून दंड काढायचे. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओटा धरून एका पायावर उभं राहायचं. फोन आला की गॅलरीत चालत बोलायचं. डंबेल हवेत तर लिटरभर पाण्याची बाटली भरली की किलोभर वजन तयार.

मावशीची गोळी डॉक्टरांनी पुन्हा सुरू केलीय, खुर्चीवरची उठबसही ती करते, कुरकुरत का होईना. ज्यांनी हा मेसेज पुढे ढकललाय त्यांनी आज त्याच ग्रुपवर एवढं तरी टाका: टाचा हलवा, पण गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.