सेर, भेटू एकदा

माझ्या हुद्द्याचं नाव 'कम्युनिटी मॅनेजर'. आईने त्याचा अर्थ 'सोसायटीचं काम बघतो' असा लावला आणि बिल्डिंगभर सांगितला. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरचे काका टाकी गळते म्हणून माझ्याकडे येतात. प्रत्यक्षात मी ठाण्यात, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, एका छोट्या क्रिप्टो कंपनीचे टेलिग्राम ग्रुप सांभाळतो.

या जगात दिवस 'जीएम'ने उजाडतो. जीएम म्हणजे गुड मॉर्निंग. आमची मावशी व्हॉट्सअॅपवर पाठवते त्यातला गुलाब काढून टाकला की जीएम उरतो. कुठल्या ना कुठल्या देशात सकाळ असतेच, म्हणून तो रात्री अकरालाही चालतो. एकमेकांना सगळे 'सेर' म्हणतात. हे 'सर'चं मुद्दाम बिघडवलेलं रूप, पण मला दर वेळी पावशेर-अच्छेर आठवतं. खरं नाव कुणी सांगत नाही, प्रोफाइलवर चेहरा माकडाचा नाहीतर कार्टूनचा. पण माया केवढी! 'पैसे अडकलेत' एवढं ग्रुपवर लिहा, मिनिटात पाच 'सपोर्ट'वाले खासगीत हजर: सेर, वॉलेटचे बारा शब्द (म्हणजे तिजोरीची किल्लीच) सांगा, लगेच सोडवतो. सख्खा भाऊ इतक्या तत्परतेने येत नाही. पाचही भामटे असतात, ते सोडा.

असं तीन वर्षं सुखात चाललं असताना साहेबांना साक्षात्कार झाला, की खरं नेटवर्किंग प्रत्यक्ष भेटूनच होतं. मी म्हटलं, सातोशी नाकामोतोने 31 ऑक्टोबर 2008 ला बिटकॉइनची कल्पना मांडणारी नऊ पानी पीडीएफ मेलवरून धाडली, 2011 मध्ये गाशा गुंडाळला, आजतागायत तोंड दाखवलं नाही. मूळपुरुषच असा, तर मी कशाला दाखवू? साहेब म्हणाले, "बेंगळुरूच्या स्लीपर बसचं तिकीट काढलंय."

क्रिप्टोवाल्यांचं संमेलन तिथल्या व्हाइटफील्डला होतं. तिथे गेल्यावर कळलं, की मुख्य सभागृहात कुणी बसत नाही. खरी मंडळी संध्याकाळच्या 'साइड इव्हेंट'ना भेटतात. त्याला आधी अर्ज करायचा, मग 'विचाराधीन' अशी पाटी बघत बसायचं. कांदेपोहे खाऊन 'कळवतो' म्हणणारी माणसं परवडली. मी अकरा अर्ज केले. दोन मंजूर झाले, दोन्ही सात वाजता, एक व्हाइटफील्डला आणि एक पार जयनगरात. ज्यांनी बेंगळुरूचं ट्रॅफिक पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

ठाणे स्टेशनजवळून मी दोनशे व्हिजिटिंग कार्डं छापून नेली होती. तिथे कार्ड कुणी घेतच नाही. समोरचा फोन पुढे करतो, आपण त्याच्या टेलिग्रामचा क्यूआर स्कॅन करायचा, की झाली ओळख. म्हणजे बसमध्ये रात्रभर हाडं खिळखिळी करून मी ज्या टेलिग्राममधून उठून आलो, त्याच टेलिग्राममध्ये परत. 199 कार्डं घरी आली. एक डुगडुगणाऱ्या टेबलाखाली कामी आलं. फोनची बॅटरी संपत आली तेव्हा मी तीन टोळक्यांत चार्जर मागितला. एक भामटासुद्धा धावून आला नाही.

माणुसकी दिसली ती बिर्याणीच्या रांगेत. पुढच्याच्या टी-शर्टवर गॉगल लावलेलं माकड, गळ्यातल्या बिल्ल्यावरही माकडच. आमचं इंग्रजीतून 'काय बिल्ड करताय' चाललं होतं. बोलता बोलता मी म्हणालो, "टॅक्स..." त्याने प्लेट खाली ठेवली. क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के. 1 जुलै 2022 पासून विकताना 1 टक्का टीडीएस. आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करायची सोय नाही. हे शेवटचं कलम सांगताना त्याचं इंग्रजी संपलं. "अहो, काय सांगू तुम्हाला," तो म्हणाला. पुढचा पाऊण तास आम्ही मराठीत रडलो. बिर्याणी गार झाली. नाव त्याने तरीही सांगितलं नाही.

"डोंबिवलीत एक सीए आहेत," निघताना तो म्हणाला, "त्यांना हे सगळं कळतं. टेलिग्रामवर नंबर टाकतो."

क्यूआर स्कॅन केला तर आमचं संभाषण आधीच उघडलेलं. चौदा महिन्यांपूर्वी मी: जीएम. तो: जीएम सेर, भेटू एकदा. त्याखाली आता सीएंचा नंबर आला.

परतल्यावर फोन लावला. विचारलं, कागदपत्रं ईमेल करू का?

"ऑनलाइन आपण काही घेत नाही," सीए म्हणाले. "शनिवारी या. झेरॉक्सच्या दोन प्रती आणा."