स्वादुपिंडाचं ऑपरेशन आणि ‘डायबेटिस पक्का’चा तो मेसेज

गेल्या वर्षी ताईच्या स्वादुपिंडाच्या शेपटीत गाठ निघाली. ऑपरेशनची तारीख ठरली त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला, आणि आता तोच पुन्हा फिरतो आहे. त्यात म्हटलंय की स्वादुपिंडाला कात्री लागली की डायबेटिस शंभर टक्के होतो. म्हणून आधी महिनाभर भात, पोळी, फळं बंद करून रोज कारल्याचा रस घ्यावा, म्हणजे स्वादुपिंडाला विश्रांती मिळते. इन्सुलिन एकदा लागलं की जन्मभर सुटत नाही. आणि जमलं तर ऑपरेशन टाळावंच, गाठ परवडली पण डायबेटिस नको. ताईने यातला भात-पोळी सोडून रस घ्यायचा सल्ला तीन आठवडे पाळला, आम्हाला कुणालाही न सांगता. म्हणून हे लिहायला बसले.

‘शंभर टक्के’ हे खरं आहे, पण फक्त अख्खं स्वादुपिंड काढलं तर. 1889 साली स्ट्रासबुर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग या डॉक्टरांनी कुत्र्याचं संपूर्ण स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. साखरेचा आणि या अवयवाचा संबंध तिथूनच कळला. बहुतेक रुग्णांचं मात्र अख्खं स्वादुपिंड काढत नाहीत. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या, म्हणजे रुंद टोकाच्या बाजूला असेल तर व्हिपल ऑपरेशन होतं, त्यात ते टोक आणि लगतचं थोडं आतडं काढतात; शेपटीत असेल तर तेवढा भाग काढतात. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके वजनाने स्वादुपिंडाच्या जेमतेम 1 ते 2 टक्के असतात, पण सगळीकडे विखुरलेले असतात. त्यामुळे उरलेला भाग निरोगी असला तर पुष्कळांचं त्यावर भागतं. आधी डायबेटिस नसलेल्यांपैकी व्हिपलनंतर साधारण सहा-सात जणांत एकाला तो नव्याने होतो. शेपटीकडे हे पुंजके जास्त दाट असल्यामुळे तिथे किती कापलं यावर बरंच अवलंबून असतं. मिनेसोटा विद्यापीठात 1979 पासून काही निरोगी माणसांनी नातेवाइकाला अर्धं स्वादुपिंड दिलं. त्यातल्या बऱ्याच जणांची साखर ठीक राहिली, काहींची पुढे बिघडली.

म्हणजे भीती अगदीच निराधार नाही. वय, वजन, आधीपासून काठावरची साखर, जुना स्वादुपिंडदाह, या सगळ्यांनी धोका वाढतो. म्हणूनच ऑपरेशनआधी एचबीए1सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करून घ्यायची आणि सर्जनना सरळ विचारायचं: किती भाग काढणार, किती ठेवणार? आमच्या सर्जननी रिपोर्टच्या पाठीवर पेनाने स्वादुपिंडाचं चित्र काढलं आणि कुठे कापणार तिथे रेघ मारून दाखवली. मेसेजने उडवलेली ताईची झोप त्या रेघेने परत आणली. उलटंही घडतं बरं का: कॅन्सरच्या गाठीमुळे अलीकडेच डायबेटिस झालेल्या काही रुग्णांची साखर गाठ काढल्यावर सुधारते.

आता तो रस. सर्वांत जास्त राग मला याच सल्ल्याचा आहे. ऑपरेशनआधीच्या तपासणीला ताई काट्यावर उभी राहिली तर 4 किलो कमी. ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. आम्हाला वाटलं, आजार पसरला. त्या रात्री आई फ्रिज आवरत होती, तेव्हा मागच्या कप्प्यात हिरव्या पाण्याची बाटली सापडली आणि ताई रडायला लागली. उपाशी राहिल्याने स्वादुपिंड वाचत नाही. पेशी किती उरणार हे सर्जनच्या रेघेवर ठरतं, ताटातल्या भातावर नाही. उपासाने स्नायू झडतात, जखम भरायला उशीर होतो, जंतुसंसर्ग लवकर होतो. तारीख दोन आठवडे पुढे गेली. त्या दिवसांत आहारतज्ज्ञांनी तिला अंडी, पनीर, मुगाची धिरडी आणि हो, भातही खायला लावला. सोबत रोज चालणं आणि फुप्फुसांच्या व्यायामाच्या तीन चेंडूंच्या त्या यंत्रात श्वास ओढणं. खरी तयारी ही आहे. तंबाखू, विडी, मिश्री काहीही असेल तर आजच सोडा. शेपटीला लागून असलेली प्लीहा (स्प्लीन) काढावी लागण्याची शक्यता असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी शक्यतो दोन आठवडे आधी घेतात, तेही विचारा. डायबेटिस आधीच असेल तर कुठली गोळी कधी थांबवायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्या; डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद करतात.

‘इन्सुलिन सुटत नाही’ हेही चूक. एवढ्या मोठ्या ऑपरेशनच्या ताणाने साखर चढते, म्हणून आयसीयूत अनेकांना काही दिवस इन्सुलिन देतात. ताईला पाच दिवस दिलं, मग बंद केलं. ज्यांना पुढेही लागतं त्यांना ते शरीर पुरेसं बनवत नाही म्हणून लागतं, सवय लागली म्हणून नव्हे.

जे सांगायला हवं होतं ते मात्र मेसेजमध्ये नाही. स्वादुपिंड कापल्यावर होणारा डायबेटिस घरातल्या नेहमीच्या डायबेटिससारखा नसतो. साखर वर आणणारं ग्लुकागॉनही तिथेच बनतं, तेही कमी पडतं. म्हणून साखर एकदम खाली जाऊ शकते. हात थरथरले, घाम फुटला तर लगेच साखर तोंडात टाकायची. जेवण पचवणारे एन्झाइमही कमी पडू शकतात. मळ तेलकट, तरंगणारा झाला, वजन उतरत राहिलं तर डॉक्टरांना सांगा. एन्झाइमच्या कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या असतात, जेवण झाल्यावर नाही.

राहिलं ‘गाठ परवडली’. काही गाठींवर नुसती नजर ठेवतात, हे खरं. पाणीदार सिरस गाठ बहुधा तशीच असते. पण ते एमआरआय आणि एंडोस्कोपिक सोनोग्राफी (तोंडातून नळी घालून आतून केलेली सोनोग्राफी) बघून डॉक्टर ठरवतात. ताईची म्युसिनस, म्हणजे चिकट द्रव भरलेली होती, पुढे कॅन्सर होऊ शकणारी. आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर कळतो तेव्हा 100 पैकी जेमतेम 15 ते 20 जणांचंच ऑपरेशन करता येतं. त्या मोजक्या माणसांना दारातून मागे फिरवणारा हा मेसेज आहे.

ताईची गेल्या महिन्यातली एचबीए1सी 6.1 आली. डायबेटिस नाही, पण काठावर. डायबेटिस काही वर्षांनीही येऊ शकतो, म्हणून दर सहा महिन्यांनी ती तपासायची आहे. दुपारी ती वाटीभर भात खाते.