फायली आम्ही उडवल्या नाहीत: एक तारा दिलेल्या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. लॅपटॉप मिळायला उशीर झाला आणि मधल्या काळात तुम्हालाच फोन करून चौकशी करावी लागली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. कळवायला हवं होतं.

पण बाकीचं जे लिहिलंय, त्यावर गप्प बसणं मला जमणार नाही. तुम्ही लिहिता: ‘अँटिव्हायरसची एक जुनी वॉर्निंग सारखी येत होती, एवढंच काम. दहा मिनिटांच्या कामाला आठवडा लावला, विंडोजच्या फायली उडवल्या, चांगला चालणारा कीबोर्ड बंद पाडला. २०२४ मध्ये जगभरच्या लोकांनी एक फाइल डिलीट करून कॉम्प्युटर चालू केले, यांना तेवढंही जमलं नाही.’

उशीर झाला म्हणा, मान खाली घालून ऐकेन. ‘जमलं नाही’ हेही एक वेळ सोडून देतो. पण ‘फायली उडवल्या’? आमच्याकडे लोक आपलं मशीन विश्वासाने सोडून जातात. त्यात घरचे फोटो असतात, हिशेब असतात, नोकरीची कागदपत्रं असतात. हे एक वाक्य वाचलं की नवा माणूस फोनसुद्धा करत नाही. आमचं सगळं काम अशा रिव्ह्यूंवर आणि ओळखीपाळखीवर चालतं. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी कीबोर्ड. लॅपटॉप काउंटरवर आला तेव्हाच तो बंद होता. आठवून बघा. पासवर्ड टाकायला गेलात तर एकही बटण चालेना, म्हणून लॉगिनच्या पडद्यावरचा कीबोर्ड उघडून टचपॅडने एकेक अक्षर टिचकवत तुम्ही स्वतः पासवर्ड टाकलात. आमच्या पावतीवर ‘कीबोर्ड बंद’ असं लिहिलंय आणि खाली तुमची सही आहे. ‘हार्डवेअर गेलं असेल, ते नंतर बघू’ हे शब्दही तुमचेच.

हार्डवेअर गेलं नव्हतं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारा भाग) आणि रिकव्हरीच्या, म्हणजे विंडोज दुरुस्तीच्या, निळ्या स्क्रीनवर तोच कीबोर्ड खडखडीत चालत होता. विंडोज सुरू झालं की मुका. यूएसबीचा दुसरा लावला, तोही मुका. तिथेच कळलं की दुखणं कुठे आहे. काही अँटिव्हायरस कीबोर्डच्या ड्रायव्हरवर (विंडोज आणि हार्डवेअर यांना जोडणारा प्रोग्राम) आपला एक छोटा फिल्टर ड्रायव्हर बसवतात, तुम्ही टाइप केलेलं दुसऱ्या कुणी चोरून वाचू नये म्हणून. त्या फिल्टरचं नाव रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, ‘अप्परफिल्टर्स’ या नोंदीत लिहिलेलं असतं. फिल्टरची फाइल हाताने उडवली तरी नाव तिथेच राहतं. विंडोज ते नाव वाचतं, फाइल शोधतं, ती सापडत नाही, आणि मग नुसता फिल्टर सोडून द्यायच्या ऐवजी कीबोर्डच सुरू करत नाही. सगळेच कीबोर्ड. त्या दिवशी ‘कीबोर्ड गेलाय, नवा बसवावा लागेल’ असं सांगितलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता. सांगितलं नाही.

आता फाइल उडवली कुणी? विंडोज व्हिस्टापासून सिस्टीमच्या फायलींची मालकी ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ नावाच्या खात्याकडे असते. ऍडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन केलं तरी त्या सहज पुसता येत नाहीत, आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय. तुमच्या मशीनवर सिस्टीम३२ या विंडोजच्या मुख्य फोल्डरमधल्या ड्रायव्हर्स फोल्डरच्या मालकाच्या जागी तुमच्या खात्याचं नाव होतं. हे आपोआप होत नाही. ‘टेकओन’ कमांड द्यावी लागते किंवा प्रॉपर्टीजमध्ये खोलवर जाऊन मालक बदलावा लागतो. त्या फोल्डरमधल्या शेवटच्या बदलाची वेळ लॅपटॉप आमच्याकडे यायच्या आदल्या रात्रीची होती. मशीन उघडल्या उघडल्या याचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

तुम्ही म्हणाल, अँटिव्हायरसनेच फाइल गिळली असेल. मीही आधी तेच तपासलं, कारण असं खरोखर घडलेलं आहे. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधली ‘एसव्हीसीहोस्ट’ ही विंडोजची स्वतःचीच फाइल व्हायरस समजून उचलली होती आणि असंख्य ऑफिसांतली मशीन बंद पडली होती. पण अँटिव्हायरसने उचललेल्या फाइलची क्वारंटाइनमध्ये, म्हणजे पकडलेल्या फायलींच्या कोठडीत, नोंद राहते. तुमच्याकडे तशी एकही नोंद नव्हती. आणि अँटिव्हायरस फोल्डरची मालकी तुमच्या नावावर करून देत नाही.

ते २०२४ चं उदाहरण तुम्ही दिलंत, तर त्याबद्दलही बोलू. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. उपाय खरंच फाइल डिलीट करण्याचा होता. सेफ मोडमध्ये (मोजकेच ड्रायव्हर घेऊन सुरू होणारं विंडोज) किंवा रिकव्हरीत जायचं, ड्रायव्हर्समधल्या क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरमध्ये सी-०००००२९१ ने सुरू होणारी फाइल शोधायची आणि उडवायची. व्हिडिओत ते दहा मिनिटांत होतं, मान्य. पण ती फाइल ड्रायव्हर नव्हती! नावाच्या शेवटी ड्रायव्हरसारखं एसवायएस असलं तरी ती ‘चॅनल फाइल’ होती, म्हणजे ड्रायव्हर जी माहिती वाचतो ती. कंपनीनेच तसा खुलासा केला होता. खरा ड्रायव्हर आपल्या जागी राहिला, म्हणून मशीन नीट सुरू झाली. शिवाय नेमकी कुठली फाइल काढायची हे ज्यांची फाइल त्यांनीच सांगितलं होतं. तुमच्या मशीनवर खरा ड्रायव्हर गेला. सोबत नावात ‘एफएलटी’ (‘फिल्टर’चं लघुरूप) दिसतंय म्हणून विंडोजच्याही काही फायली गेल्या, ज्यांचा अँटिव्हायरसशी काडीचा संबंध नव्हता.

हे तुम्ही केलंत की घरातल्या कुणी, मला माहीत नाही आणि मी विचारतही नाही. वॉर्निंग सारखी डोळ्यांसमोर नाचत असेल तर माणूस वैतागतो, समजू शकतो. आमच्याकडे येणारे निम्मे लोक आधी काहीतरी करून बघूनच येतात. त्यात लाज कसली? फक्त सांगा, एवढंच म्हणणं आहे. आम्ही तेव्हा विचारलं होतं आणि उत्तर होतं, ‘काही नाही, असंच झालं.’

‘आठवडा लावला’ याचा खुलासा. तुमची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे. रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टवरून डिस्कला हात लावायचा तर ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे त्या कुलपाची किल्ली, लागते. चालू असलेलं अँटिव्हायरस स्वतःच्या फायलींना हात लावू देत नाही, म्हणजे ज्याने कुणी फाइल उडवली त्याने बहुधा तिथूनच उडवली, आणि तेव्हा ही की त्याच्या हाताशी होती. आम्ही मागितली तेव्हा मात्र ‘असलं काही आमच्याकडे नाही’ असं सांगण्यात आलं. शेवटी ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातच सापडली. तोवर लॅपटॉप टेबलावर पडून होता. त्या दिवसांत आम्ही काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा.

की मिळाल्यावर आधी तुमचा सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवला. मग रिकव्हरीतूनच रजिस्ट्री उघडून ते अनाथ फिल्टरचं नाव काढलं. ते करताना त्याच ओळीतलं ‘केबीडीक्लास’ (विंडोजच्या स्वतःच्या कीबोर्ड ड्रायव्हरचं नाव) चुकून गेलं तर कीबोर्ड पुन्हा मरतो, म्हणून घाई करता येत नाही. नंतर ‘डिझम’ आणि ‘एसएफसी’ ही विंडोजचीच दुरुस्तीची टूल्स चालवून विंडोजच्या फायली परत आणल्या. अँटिव्हायरसचा ड्रायव्हर त्यातून येत नाही, कारण तो विंडोजचा नाहीच. त्यासाठी ज्या कंपनीचं अँटिव्हायरस तिचंच काढून टाकायचं टूल सेफ मोडमध्ये चालवलं, उरलेसुरले अवशेष साफ केले आणि नवीन कॉपी टाकली. फोल्डरची मालकी परत ट्रस्टेडइन्स्टॉलरच्या नावावर केली, जी पायरी बरेच जण विसरतात. आणि ती वॉर्निंग? ती अँटिव्हायरसच्या जुन्या नोंदींमध्ये अडकून बसली होती. व्हायरस केव्हाच गेलेला होता. नवीन कॉपी टाकताच वॉर्निंगही गेली. आधी काहीच उडवलं नसतं, तर काम खरोखर तुम्ही म्हणता तेवढंच होतं.

सगळं फॉरमॅट करून मशीन हातात ठेवणं आम्हाला केव्हाही सोपं होतं. केलं नाही. तुमचे प्रोग्राम, तुमची सेटिंग्ज, डेस्कटॉपवरची ती फोल्डरांची गर्दीसुद्धा जशी होती तशी परत दिली.

फोन करून कळवण्याच्या बाबतीत यापुढे आम्ही जास्त लक्ष देऊ. पावतीवर ‘आधी काय करून पाहिलं’ असाही एक रकाना घालायचा विचार आहे, बघू.

पावतीची प्रत आणि स्क्रीनशॉट आमच्याकडे आहेत, कधीही येऊन बघा. त्यात तुमच्या खात्याचं नाव दिसतं, म्हणून इथे लावत नाही. एकच तारा ठेवायचा तर ठेवा, उशिराबद्दल दोन शब्द जास्त लिहा. ‘विंडोजच्या फायली उडवल्या’ एवढं एक वाक्य मात्र काढून टाका, ही विनंती.

— दुकानाचा मालक